लिनक्सवरून विंडोजसाठी लायब्ररी क्रॉस-कंपाइल करताना बिल्ड स्क्रिप्टमध्ये काय बदलावे

एखादी सी किंवा सी++ लायब्ररी लिनक्सवर सुरळीत बिल्ड होते, तिच्या चाचण्याही उत्तीर्ण होतात, आणि आता तीच लायब्ररी विंडोज वापरणाऱ्यांना डीएलएलच्या (प्रोग्राम चालताना त्याला जोडल्या जाणाऱ्या विंडोजच्या लायब्ररी फाइलीच्या) रूपात द्यायची आहे, अशी वेळ लायब्ररी सांभाळणाऱ्या बहुतेकांवर कधी ना कधी येते. त्यासाठी विंडोजचे वेगळे यंत्र उभे करण्याऐवजी लिनक्सवरच विंडोजचा बायनरी (यंत्रावर थेट चालणारी फाइल) तयार करणे पुष्कळदा अधिक सोयीचे पडते. त्याला लागणारा कंपायलर मिळवणे अवघड नाही, कारण तो बहुतेक लिनक्स वितरणांत तयार पॅकेजच्या रूपात असतो. गाडी अडते ती बिल्ड स्क्रिप्टपाशी. प्रोसेसर कोणता, ‘लाँग’ किती बाइटांचा, अमुक फंक्शन आहे की नाही, तमुक लायब्ररी कुठे बसवली आहे, असे प्रश्न स्क्रिप्ट ज्या यंत्रावर चालत असते त्याच यंत्राला विचारते. मिळालेली उत्तरे खरी असतात, पण ती विंडोजबद्दलची नसतात. स्क्रिप्ट कुठे कुठे चुकीच्या यंत्राला प्रश्न विचारते ते शोधणे आणि तो प्रश्न क्रॉस कंपायलरकडे, म्हणजे एका प्रणालीवर चालून दुसऱ्या प्रणालीचा बायनरी बनवणाऱ्या कंपायलरकडे, वळवणे, एवढेच या सगळ्या खटाटोपाचे सूत्र आहे, आणि पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

आज्ञा, पर्याय आणि चलांची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतील.

१. बिल्ड, होस्ट आणि टार्गेट यांतला फरक पक्का करा

ग्नू परंपरेत ‘बिल्ड’ म्हणजे ज्या यंत्रावर कंपाइल चालते ते यंत्र आणि ‘होस्ट’ म्हणजे तयार झालेला बायनरी ज्या यंत्रावर चालणार ते यंत्र. ‘टार्गेट’ हा शब्द फक्त कंपायलर, असेंब्लर यांसारखी साधने बिल्ड करतानाच कामाचा असतो, कारण त्या साधनांचे फलित आणखी तिसऱ्याच यंत्रावर चालू शकते. लायब्ररीच्या बाबतीत टार्गेटचा विचार करण्याचे कारणच नाही, तरीही नवखे लोक हमखास ‘टार्गेट’ पर्याय देतात आणि त्याचा काहीच परिणाम का होत नाही म्हणून गोंधळतात.

६४-बिट विंडोजसाठीचे होस्टचे नाव ‘एक्स८६_६४-डब्ल्यू६४-मिंगडब्ल्यू३२’ असे लिहिले जाते. शेवटी आलेला ३२ हा आकडा पाहून दचकू नये. तो ऐतिहासिक कारणाने चिकटलेला आहे आणि ६४-बिटसाठीही तसाच राहतो. ३२-बिट विंडोजसाठी सुरुवातीचा भाग ‘आय६८६’ होतो.

येथे एक सापळा लावलेलाच आहे. सीमेक या बिल्ड साधनात ‘होस्ट’चा अर्थ नेमका उलटा आहे. ‘सीमेक_होस्ट_’ने सुरू होणारी चले, उदाहरणार्थ ‘सीमेक_होस्ट_युनिक्स’, ही सीमेक ज्या यंत्रावर चालत आहे त्याबद्दल सांगतात. म्हणजे ऑटोटूल्स या ग्नूच्या बिल्ड साधनांत ज्याला बिल्ड म्हणतात त्याला सीमेक होस्ट म्हणतो. एकाच प्रकल्पात दोन्ही पद्धतींच्या स्क्रिप्ट असतील, तर हा फरक स्क्रिप्टच्या वरच्या टीपेतच लिहून ठेवणे चांगले.

२. साधने जमवा

सुरुवात करण्यापूर्वी पुढील गोष्टी हाताशी असाव्यात:

- मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४चा (विंडोजसाठी बिल्ड करायला लागणारी हेडर व लायब्ररी पुरवणाऱ्या प्रकल्पाचा) कंपायलर आणि त्याच्यासोबतची बायनरी साधने, म्हणजे एआर, रॅनलिब, स्ट्रिप, ऑब्जडंप आणि विंडोजच्या रिसोर्स फाइलींसाठी विंडरेस. या सगळ्यांच्या नावापुढे वर दिलेले होस्टचे नाव उपसर्ग म्हणून लागते.
- बिल्ड यंत्रासाठीचा नेहमीचा जीसीसी किंवा क्लँग. याची गरज सातव्या पायरीत स्पष्ट होईल.
- पीकेजी-कॉन्फिग, म्हणजे बसवलेल्या लायब्ररींचे मार्ग आणि फ्लॅग सांगणारे साधन.
- प्राथमिक चाचणीसाठी वाइन, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारे साधन.
- लायब्ररीच्या मूळ स्रोताची स्वच्छ प्रत, आणि बिल्डसाठी तिच्याबाहेरचे वेगळे फोल्डर.

डेबियन व उबंटूवर हा कंपायलर ‘विन३२’ आणि ‘पॉझिक्स’ अशा दोन थ्रेड प्रकारांत मिळतो. लायब्ररी सी++११ची थ्रेड सुविधा वापरत असेल तर पॉझिक्स प्रकार घ्यावा, कारण जीसीसीच्या जुन्या आवृत्त्यांत विन३२ प्रकाराला ती सुविधाच नसते. त्याची किंमत म्हणून तयार होणारी डीएलएल ‘लिबविनपीथ्रेड-१’ या आणखी एका डीएलएलवर अवलंबून राहते. लायब्ररी शुद्ध सीमध्ये असेल तर विन३२ प्रकार पुरतो.

३. काही बदलण्यापूर्वी स्क्रिप्ट वाचून काढा

थेट बिल्ड सुरू करून एकेक त्रुटी निस्तरत बसण्यापेक्षा ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने शोध घेऊन यादी करणे कितीतरी कमी वेळाचे काम आहे. पुढील खुणा शोधाव्यात: ‘यूनेम’ (प्रणालीचे नाव सांगणाऱ्या आज्ञे)ची हाक, थेट लिहिलेले ‘जीसीसी’ किंवा ‘एआर’, ‘/यूएसआर/इन्क्लूड’ आणि ‘/यूएसआर/लिब’ हे मार्ग, ‘मार्च=नेटिव्ह’, ‘-एलडीएल’, ‘एफपिक’ आणि ‘आरपाथ’.

यांतला ‘मार्च=नेटिव्ह’ सर्वांत घातक. तो बिल्ड यंत्राच्या प्रोसेसरला उपलब्ध असलेल्या सगळ्या सूचना वापरतो, त्यामुळे कंपाइल निर्धोक होते, तुमच्या यंत्रावर वाइनखाली चाचणीही उत्तीर्ण होते, आणि वापरकर्त्याच्या जुन्या प्रोसेसरवर मात्र अवैध सूचनेच्या त्रुटीने प्रोग्राम कोसळतो. तो काढून टाकावा आणि किमान कोणत्या प्रोसेसरला आधार द्यायचा ते नाव घेऊन लिहावे. ‘-एलडीएल’ची (चालताना दुसरी लायब्ररी उघडून देणारी) लायब्ररी मिंगडब्ल्यूमध्ये नसते, तेव्हा तो पर्याय अटीखाली न्यावा. ‘एफपिक’ (स्मृतीत कुठेही बसवता येईल असा कोड बनवण्याचा पर्याय) विंडोजवर निरर्थक आहे आणि आरपाथची (बायनरीतच लिहिलेल्या लायब्ररी शोधण्याच्या मार्गाची) कल्पना तेथे नाहीच, म्हणून तेही अटीखाली जातील. उलट, सॉकेट वापरणाऱ्या लायब्ररीला ‘-एलडब्ल्यूएस२_३२’ जोडावा लागतो.

स्रोत फाइलींतही एकदा नजर टाकावी. विंडोजची फाइलप्रणाली सहसा लहान-मोठ्या रोमन अक्षरांत भेद करत नाही, लिनक्सची करते. कोणी ‘विंडोज.एच’ हे नाव मोठ्या डब्ल्यूने लिहिले असेल तर विंडोजवर चालेल, येथे मात्र हेडर सापडणार नाही, कारण मिंगडब्ल्यूमध्ये ते नाव पूर्ण लहान अक्षरांत आहे.

४. हाताने लिहिलेली मेकफाइल

पहिला बदल म्हणजे प्रत्येक साधन चलात टाकणे. सीसी, एआर, रॅनलिब, स्ट्रिप, विंडरेस ही सगळी नावे चलांतून यावीत आणि त्यांना एकच ‘क्रॉस’ उपसर्ग लावता यावा. पुष्कळ मेकफाइलींत सीसी चलात असते आणि एआर मात्र थेट लिहिलेला असतो, आणि तेवढ्यावरून लिंकिंगच्या वेळी अनाकलनीय त्रुटी येतात.

मेकचा एक स्वभाव येथे माहीत असावा. ‘चल अजून ठरलेले नसेल तरच ही किंमत दे’ असे सांगणारे प्रश्नचिन्ह-बरोबर हे चिन्ह सीसीसाठी निष्फळ ठरते, कारण मेकने सीसीला आधीच ‘सीसी’ ही आज्ञा अंगभूत किंमत म्हणून दिलेली असते. म्हणून एक तर सीसी थेट उपसर्गासह लिहावा किंवा ‘ओरिजिन’ फंक्शनने ती किंमत अंगभूत आहे का ते तपासावे. तसेच वापरकर्त्याने आज्ञेच्या ओळीवर सीफ्लॅग्स दिले, की मेकफाइलमध्ये अधिक-बरोबरने जोडलेले तुमचे फ्लॅग मुकाट्याने गळतात. लायब्ररीला अपरिहार्य असलेले फ्लॅग त्यामुळे वेगळ्या चलात ठेवावेत आणि सीफ्लॅग्स वापरकर्त्यासाठी मोकळा सोडावा.

प्रणाली ओळखण्यासाठी ‘यूनेम’ विचारले तर उत्तर लिनक्स असेच येणार. त्याऐवजी कंपायलरलाच ‘-डंपमशीन’ हा पर्याय देऊन विचारावे. क्रॉस कंपायलर तो ज्या यंत्रासाठी कोड बनवतो त्याचे, म्हणजे तुमच्या लायब्ररीच्या होस्टचे, पूर्ण नाव छापतो, त्यात ‘मिंगडब्ल्यू’ हा तुकडा आहे का ते पाहिले की निर्णय झाला. ही एक ओळ बदलल्याने मेकफाइलीतल्या निम्म्या अडचणी सुटतात, असा माझा अनुभव आहे.

५. ऑटोटूल्स

ऑटोटूल्सने तयार केलेल्या, प्रणाली तपासणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टला ‘होस्ट’ पर्याय द्यावा, हे सगळे सांगतात. त्यासोबत ‘बिल्ड’ पर्यायही द्यावा, हे मात्र सांगितले जात नाही. फक्त होस्ट दिला असता कॉन्फिगर खात्री करून घेण्यासाठी एक छोटा प्रोग्राम कंपाइल करून चालवून पाहतो. तुमच्या लिनक्सवर वाइन बसवलेले असेल आणि कर्नलने ‘.ईएक्सई’ फाइली आपोआप वाइनकडे सोपवण्याची नोंद केलेली असेल, तर तो विंडोजचा प्रोग्राम चालतो, आणि कॉन्फिगर असा निष्कर्ष काढतो की हे क्रॉस-कंपाइल नव्हेच. पुढे सगळे वागणे बदलते. एकाच्या यंत्रावर बिल्ड होते आणि दुसऱ्याच्या यंत्रावर होत नाही, या तक्रारीमागे हे कारण असू शकते. दोन्ही पर्याय दिले आणि ते भिन्न असले की कॉन्फिगर विनातपास क्रॉस-कंपाइल मानतो.

दुसरा मोठा विषय म्हणजे चालवून पाहण्याच्या चाचण्या. ‘एसी_रन_इफएल्स’ या मॅक्रोत क्रॉस-कंपाइलसाठीचा चौथा भाग लिहिलेला नसेल, तर कॉन्फिगर तेथेच थांबतो. सर्वांत चांगला उपाय म्हणजे चालवण्याची चाचणी फक्त कंपाइल करण्याच्या चाचणीत बदलणे. ‘लाँग’चा आकारच घ्या. प्रोग्राम चालवून आकार छापणारी चाचणी ६४-बिट लिनक्सवर ८ सांगेल, पण ६४-बिट विंडोजवर ‘लाँग’ ४ बाइटांचाच असतो. चुकीचा ८ कॉन्फिग हेडरमध्ये शिरला तर लायब्ररी कंपाइल होईल आणि आकडे मात्र अर्धवट तुटतील. त्याऐवजी ‘एसी_चेक_साइझऑफ’ वापरावा. क्रॉस-कंपाइल करताना तो काहीही चालवत नाही. आकार अमुक इतका नसेल तर कंपाइलच होणार नाही, अशा घोषणा वारंवार कंपाइल करून तो उत्तरापर्यंत पोहोचतो.

जेथे कंपाइलवरून उत्तर काढताच येत नाही तेथे कॅशेचे (चाचणीचे उत्तर साठवणारे) चल आधीच ठरवून द्यावे. याचे प्रसिद्ध उदाहरण ‘आरपीएल_मॅलॉक’ सापडत नाही अशी लिंकरची त्रुटी. शून्य बाइट मागितले असता मॅलॉक हे स्मृती मिळवणारे फंक्शन काय परत करते हे जुन्या ऑटोकॉन्फला (कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणाऱ्या साधनाला) क्रॉस-कंपाइलमध्ये तपासता येत नाही, म्हणून तो सर्वांत वाईट शक्यता धरून मॅलॉकच्या जागी तुम्ही कधीही न लिहिलेले फंक्शन मागतो. विंडोजचा मॅलॉक शून्यालाही वैध पॉइंटर देतो, तेव्हा ‘एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_०_नॉननल’ला ‘येस’ देणे योग्य आहे. अशी उत्तरे एका ‘कॉन्फिग.साइट’ फाइलीत एकत्र ठेवावीत आणि प्रत्येकापाशी कारण लिहावे. कारण न लिहिलेले उत्तर पुढच्या माणसाला बदलायची भीती वाटते.

लिबटूल या ऑटोटूल्समधल्या लायब्ररी बनवणाऱ्या साधनाचा सापळा अधिक फसवा आहे. ‘-नो-अनडिफाइन्ड’ हा पर्याय लिंकिंगच्या फ्लॅगांत नसेल, तर लिबटूल विंडोजसाठी डीएलएल करण्याचे नाकारतो, एक इशारा छापतो आणि फक्त स्थिर (वापरणाऱ्या प्रोग्राममध्येच मिसळली जाणारी) लायब्ररी तयार करून यशस्वीपणे संपतो. शेकडो ओळींत तो इशारा हरवतो आणि डीएलएल गेली कुठे, याचा शोध सुरू होतो. तो पर्याय जोडावा आणि ‘एलटी_इनिट’ला ‘विन३२-डीएलएल’ असेही सांगावे. कॉन्फिगरने होस्टचे नावच अमान्य केले, तर ‘कॉन्फिग.सब’ आणि ‘कॉन्फिग.गेस’ या फाइली जुन्या झाल्या आहेत असे समजून त्यांच्या नव्या प्रती घालाव्यात.

६. सीमेक आणि मेसन

सीमेकमध्ये एक टूलचेन फाइल, म्हणजे कंपायलर आणि शोधाची ठिकाणे सांगणारी फाइल, लिहावी लागते. तिच्यात ‘सीमेक_सिस्टिम_नेम’ला विंडोज ही किंमत द्यावी. ते चल दिल्यानेच सीमेक क्रॉस-कंपाइलच्या अवस्थेत जातो. ‘सीमेक_सिस्टिम_प्रोसेसर’ही स्वतःच द्यावा, कारण या अवस्थेत तो आपोआप भरला जात नाही आणि त्यावर अवलंबून असलेल्या अटी निमूटपणे चुकीच्या फांदीत जातात. मग सी, सी++ आणि रिसोर्स कंपायलरची नावे येतात. शेवटी शोधाची मुळे: ‘सीमेक_फाइंड_रूट_पाथ’मध्ये मिंगडब्ल्यूचे फोल्डर द्यावे, आणि त्याच्या ‘मोड’ चलांपैकी प्रोग्रामसाठी ‘नेव्हर’, तर लायब्ररी, हेडर आणि पॅकेजसाठी ‘ओन्ली’ ठेवावे. प्रोग्राम बिल्ड यंत्रावर चालायचे असतात आणि बाकी सारे विंडोजचे हवे असते, हा त्या किमतींचा अर्थ.

टूलचेन फाइल पहिल्या कॉन्फिगरच्या वेळीच द्यायची असते. नंतर तिच्यात बदल केल्यास जुने बिल्ड फोल्डर पुसून नव्याने सुरुवात करावी, कारण कंपायलरविषयीचे निष्कर्ष कॅशेत गोठलेले असतात.

सीमेकलिस्ट्स फाइलीत (प्रकल्पाच्या सीमेक स्क्रिप्टमध्ये) बहुतेक ठिकाणी एकच चूक आढळते: ‘विन३२’ची अट आणि तिच्या आत मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरचे तिरप्या रेघेचे पर्याय. विंडोज म्हणजे मायक्रोसॉफ्टचा कंपायलर हे गृहीत मिंगडब्ल्यूला लागू पडत नाही. कंपायलरच्या पर्यायांसाठी ‘एमएसव्हीसी’ची अट वापरावी आणि ‘विन३२’ फक्त प्रणालीच्या बाबींसाठी राखावी. ‘इन्स्टॉल’मध्ये डीएलएल ही ‘रनटाइम’ मानली जाते आणि इम्पोर्ट लायब्ररी (डीएलएलशी जोडण्यासाठी लिंकरला लागणारी फाइल) ‘आर्काइव्ह’, हेही लक्षात ठेवावे. जुन्या स्क्रिप्टमध्ये फक्त ‘लायब्ररी’चे ठिकाण दिलेले असेल तर डीएलएल जागेवर पोहोचत नाही.

मेसन हे दुसरे बिल्ड साधन या बाबतीत बरेच नेटके आहे. क्रॉस फाइलीत बायनरींची नावे आणि ‘होस्ट_मशीन’चे चार गुण दिले की काम सुरू होते. फक्त ‘बिल्ड_मशीन’ आणि ‘होस्ट_मशीन’ यांची अदलाबदल स्क्रिप्टमध्ये झालेली नाही ना, ते पाहावे.

७. बिल्डच्या मध्येच चालणारे प्रोग्राम

अनेक लायब्ररींत एक छोटा प्रोग्राम आधी कंपाइल होतो, तो चालून कोष्टकाची सी फाइल तयार करतो आणि ती फाइल लायब्ररीत जाते. क्रॉस-कंपाइलमध्ये तो प्रोग्रामही विंडोजचा तयार होतो आणि लिनक्सवर चालत नाही. वाइन वापरून तो चालवता येतो आणि सीमेकमध्ये ‘सीमेक_क्रॉसकंपाइलिंग_एम्युलेटर’ने ती सोयही आहे, पण मी तो मार्ग सुचवणार नाही, कारण मग बिल्डलाच वाइनची गरज लागते. असा प्रोग्राम बिल्ड यंत्राच्या कंपायलरनेच बनवावा. मेक आणि ऑटोटूल्समध्ये त्यासाठी ‘सीसी_फॉर_बिल्ड’ हे चल ठेवण्याची प्रथा आहे, मेसनमध्ये ‘नेटिव्ह: ट्रू’ पुरते, आणि सीमेकमध्ये तो भाग वेगळ्या प्रकल्पाप्रमाणे आधी बिल्ड करून त्याचा मार्ग चलातून द्यावा लागतो.

हा प्रोग्राम मुख्य लायब्ररीचेच कॉन्फिग हेडर वाचत असेल तर सावध राहावे. ते हेडर विंडोजचे असते आणि प्रोग्राम लिनक्सचा, त्यामुळे दोहोंचे जमत नाही. उलट बाजूने, प्रोग्रामने छापलेल्या कोष्टकात ‘साइझऑफ’ने काढलेले आकडे असतील, तर ते लिनक्सचे असतील. अशा आकड्यांऐवजी कोष्टकात ‘साइझऑफ’ हा शब्दच छापावा, म्हणजे त्याची किंमत शेवटचा कंपायलर ठरवेल.

८. अवलंबित लायब्ररी

तुमची लायब्ररी झेडलिबसारख्या दुसऱ्या लायब्ररीवर विसंबून असेल, तर ती आधी त्याच टूलचेनने बिल्ड करून एका स्वतंत्र फोल्डरमध्ये बसवावी. मग पीकेजी-कॉन्फिगला तेथे वळवावे. ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ने फक्त नवे ठिकाण वाढते, मूळ यंत्राची ठिकाणे शोधात तशीच राहतात, आणि विंडोजची प्रत सापडली नाही की लिनक्सची उचलली जाते. ‘पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर’ मात्र मूळ यादीच बदलतो, म्हणून येथे तोच वापरावा आणि पहिले चल रिकामे करावे. ‘पीकेजी_कॉन्फिग_सिसरूट_डिर’ मार्गांपुढे उपसर्ग लावतो. पीकेजी-कॉन्फिग वाचतो त्या ‘.पीसी’ फाइलीत आधीच पूर्ण मार्ग असेल तर तो दुप्पट होऊन बसतो, तेव्हा गरज नसताना तो देऊ नये.

शेलमध्ये आधीपासून ठेवलेले ‘सीपाथ’ किंवा ‘एलडीफ्लॅग्स’ही अशाच प्रकारे लिनक्सचे मार्ग आत सोडतात. बिल्डची आज्ञा ‘एन्व्ह -आय’ने स्वच्छ पर्यावरणात एकदा चालवून पाहिली, की ही गळती लगेच उघडी पडते.

९. डीएलएलमधून काय बाहेर दिसावे

कोणतेही चिन्ह (फंक्शनचे किंवा चलाचे नाव) निर्यातीसाठी, म्हणजे डीएलएलबाहेर वापरता येण्यासाठी, खुणावलेले नसेल, तर ग्नूचा लिंकर डीएलएलमधून सगळी जागतिक चिन्हे निर्यात करतो. पण एका जरी फंक्शनला ‘डीएलएलएक्सपोर्ट’ लावले, की ही आपोआप निर्यात बंद होते आणि बाकीची फंक्शने अदृश्य होतात. त्यामुळे अर्धवट खुणा करू नयेत. हेडरमध्ये एक मॅक्रो ठेवावा, जो लायब्ररी बिल्ड होताना ‘डीएलएलएक्सपोर्ट’ होईल, डीएलएल वापरणाऱ्यासाठी ‘डीएलएलइम्पोर्ट’ होईल आणि स्थिर लायब्ररीसाठी रिकामा राहील. ही तिसरी अवस्था विसरली, की स्थिर लायब्ररी जोडणाऱ्याला ‘__आयएमपी_’ने सुरू होणारी चिन्हे सापडत नाहीत.

१०. तपासणी

तयार झालेल्या डीएलएलवर ‘फाइल’ ही आज्ञा चालवावी. ६४-बिटसाठी उत्तरात ‘पीई३२+’ (६४-बिट विंडोजच्या बायनरीचे स्वरूप) दिसायला हवे. ‘ईएलएफ’ (लिनक्सच्या बायनरीचे स्वरूप) दिसले तर बिल्ड यंत्राचा कंपायलर कुठेतरी वापरला गेला आहे. मग उपसर्गासहचा ऑब्जडंप ‘-पी’ पर्यायासह चालवून ‘डीएलएल नेम’च्या ओळी पाहाव्यात. त्यांत ‘लिबजीसीसी_एस_सेह-१’ किंवा ‘लिबएसटीडीसी++-६’ आढळल्यास एक तर त्या डीएलएल सोबत द्याव्यात, नाही तर ‘-स्टॅटिक-लिबजीसीसी’ आणि ‘-स्टॅटिक-लिबएसटीडीसी++’ जोडावेत. सी++ लायब्ररीतून अपवाद बाहेर फेकले जात असतील, तर मात्र त्या डीएलएल सोबत देणेच बरे.

वाइनखाली चाचण्या चालवताना डीएलएलचे फोल्डर ‘वाइनपाथ’मध्ये द्यावे. त्या उत्तीर्ण झाल्या तरी प्रकाशनापूर्वी विकासाची कोणतीही साधने नसलेल्या खऱ्या विंडोजवर एकदा चालवून पाहणे अनिवार्य आहे, कारण गहाळ डीएलएल आणि मार्गांतील अक्षरांच्या अडचणी तेथेच समोर येतात.

११. इतर प्रणालींकडे जाताना

अँड्रॉइडसाठी एनडीके या सी व सी++च्या विकास संचासोबत सीमेकची टूलचेन फाइल तयार मिळते, फक्त ‘अँड्रॉइड_एबीआय’ आणि किमान एपीआय पातळी द्यावी लागते. मॅकओएससाठी अॅपलचा एसडीके (विकास संच) लागतो, आणि तो दुसऱ्या यंत्रावर नेण्यापूर्वी त्याच्या परवान्याच्या अटी वाचणे आवश्यक आहे. पहिल्या नऊ पायऱ्यांत विंडोजपुरते लिहिलेले पर्याय एका अटीखाली एकत्र ठेवले असतील, तर या प्रणालींसाठी बहुतेक वेळा फक्त नवी टूलचेन फाइल आणि तिच्या जोडीला एक नवी फांदी लिहावी लागते.